दर्यावर्दी टॉकीजचा लाभांश

रत्नागिरीतलं दर्यावर्दी टॉकीज कुणा एका शेटजीचं नाही. मासळी विकणाऱ्या, बोटीवर नोकरी केलेल्या, दुकानं चालवणाऱ्या घरांनी थोडे थोडे शेअर घेतले आणि दमयंतीबाईंच्या वडिलांनी ते उभं केलं. आता कंपनीच्या अध्यक्षा दमयंतीबाई. बाईंच्या जिभेला गोडी कमी आणि शब्दाला वजन जास्त, असं गावात म्हणतात. बाईंनाही ते ऐकायला आवडतं.

कंपनीचं लाभांशाचं धोरण बाईंनीच ठरवलेलं. वकिलाने पानंच्या पानं लिहून आणली होती, बाईंनी ती एका वाक्यावर आणली: त्या वर्षी टॉकीजने कमावलं त्यातलंच वाटायचं, गंगाजळीला हात लावायचा नाही. आजवर दरवर्षी काही ना काही वाटलं गेलं, म्हणून हे वाक्य कुणाला टोचलं नव्हतं. यंदा मात्र वादळात छपराचे पत्रे उडाले आणि टॉकीज निम्मं वर्ष बंद राहिलं. बाईंनी कर्ज न काढता नवं छप्पर घातलं, आणि वर्षाची सगळी कमाई त्यात गेली.

नेमकी हीच वेळ साधून मुंबईची एक मोठी सिनेमा कंपनी दारात आली. टॉकीज आम्हाला विका, तुम्हाला आमचे शेअर देतो, आणि खेळ चालो न चालो, दरवर्षी ठरलेला लाभांश घरपोच. आयतं कुणाला नको असतं? मासळीबाजारापासून बंदरापर्यंत तोच विषय झाला.

वार्षिक सभेच्या दिवशी सकाळी बाईंचा मुलगा अजिंक्य, जो कंपनीचे हिशेब बघतो, हळूच म्हणाला, "आई, यंदापुरतं गंगाजळीतून थोडं वाटूया. हातावर काही पडलं की कोण विकायचं म्हणतंय?"

"आणि पुन्हा पत्रे उडाले तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"पेरणीचं भात कांडून पंगत घालणारी मी नव्हे. विकायचं असेल तर त्यांना खरं ऐकून विकू दे."

बोलल्या ठणकावून, पण पदराची पिन दोनदा काढून पुन्हा लावली. वडिलांनी उभं केलेलं आपल्या हातून गेलं, तर तोंड कुठे दाखवायचं, हीच भीती त्यांना खात होती.

सभा टॉकीजमध्येच. मुंबईच्या साहेबांना बाईंनी स्वतः बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. आडून बोलण्यापेक्षा समोर बोला, म्हणाल्या. साहेब छान बोलले, चार माणसांनी टाळ्याही वाजवल्या.

मग बाई उभ्या राहिल्या. "यंदा लाभांश नाही. कमाई तुमच्या डोक्यावर आहे, बघून घ्या." सगळ्यांनी माना वर करून छप्पर पाहिलं.

नितेश उठला. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली पाळी संपवून तो थेट आला होता, डोळे तांबारलेले. "ताई, माझ्या आजीनं मासळीची पाटी डोक्यावर वाहून हे शेअर घेतलेत. ती ही इथं बसलीय. तिला काय सांगू?"

"सांग, तुझं टॉकीज कुणाचा एक पैसाही देणं लागत नाही."

"आजीला पटंल. मला नाय पटत."

दर्यावर्दीच्या सभेत हात वर करतात ते कायद्यापुरते, नंतर. आधी खुर्च्या बोलतात. ठराव मान्य त्याने बसून राहायचं, नामंजूर त्याने उठायचं. शेजाऱ्याचं बघून हात कुणीही वर करतो, पण आपल्या खुर्चीतून उठायला माणसाला विचार करावा लागतो, असं जुन्या मंडळींचं म्हणणं. आणि सगळ्यांत वयाने थोर माणूस उठेपर्यंत बाकीच्यांनी उठायचं नाही, हा रिवाज आपोआप पडलेला. तो न पाळणारा एकटा नितेश.

पहिला ठराव शून्य लाभांशाचा. नितेश उठला, त्याच्या मागे त्याचे दोघे-तिघे मित्र. बाकी थेटर बसून राहिलं. मंजूर.

"दुसरा ठराव," बाईंनी हातातला कागद उलटला. "टॉकीज मुंबईच्या कंपनीला विकावं."

कुणी हललं नाही. या वेळी नितेशही नाही. बसलेलं थेटर म्हणजे विकलेलं थेटर.

मधल्या रांगेत खुर्ची करकरली. नितेशची आजी, गोदा, सभेतली सगळ्यांत म्हातारी, गुडघ्यांवर हात रेटत उठत होती. वय झालेलं, वेळ लागायचाच. "थांबा रं, उठताव मी," ती पुटपुटली. ती सरळ उभी राहिली आणि पाठोपाठ तिच्यासाठी थांबलेला नितेश, मग रांगांमागून रांगा उठल्या, पार शेवटच्या भिंतीपर्यंत.

"तू मघाशी विरोधात होतास ना?" अजिंक्यने नितेशला विचारलं.

"लाभांशावरनं मी जन्मभर भांडेन. पण भांडायला टॉकीज आपलं नको?"

इतका अभिमान बाईंना वडील असतानाही वाटला नव्हता. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कशाला पुसायचे? तेवढ्यात पहिल्या रांगेकडे नजर गेली. सगळे उठले म्हणजे काहीतरी मानाचं असणार, अशा समजुतीने मुंबईचे साहेबही अदबीने हात जोडून उभे होते.

"लिही, अजिंक्य," बाई म्हणाल्या. "ठराव फेटाळला. एकमताने, पाहुण्यांसकट."