दोन बाइट

"पुन्हा मेलं!" काकांनी कीबोर्ड पुढे ढकलला. टेबलावरच्या जुन्या सर्किट बोर्डाचा दिवा विझला आणि पुन्हा लागला. सकाळपासूनची ही एकोणिसावी खेप. मॉड्यूल लोड करायला घेतलं की कर्नेल कोसळायचं आणि बोर्ड निर्लज्जपणे पहिल्यापासून सुरू व्हायचा.

हा बोर्ड रक्त तपासायच्या यंत्रात बसतो. त्यातल्या कर्नेलला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, चालता चालता नवं काम शिकवणारे तुकडे म्हणजे मॉड्यूल. ते मेमरीत नेऊन ठेवणारा लोडर काकांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता. छप्पन वर्षांच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं तेवढंच. बायको म्हणायची, "पोरांचे वाढदिवस विसराल, पण त्या लोडरची ओळ न् ओळ पाठ!"

समोरच्या टेबलावरच्या मॅडमनी लिहिलेलं नवं मॉड्यूल नव्या बोर्डावर छान चालत होतं, जुन्यावर कोसळत होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "लोडरला अकरा वर्षं काही झालं नाही. यांनीच कुठेतरी घाण केलीय." साहेब म्हणाले, "गुरुवारी पाचपर्यंत बघू. नाहीतर मॅडमचं काम दुसऱ्याला देऊ." मॅडम तेव्हापासून मान खाली घालून स्वतःचाच कोड वाचत होत्या.

आज गुरुवार. तीन वाजता काकांनी वैतागून, मॅडमची चूक पुराव्यानिशी त्यांच्या पदरात घालायला, त्यांच्या मॉड्यूलच्या प्रत्येक भागाचा मेमरीतला पत्ता छापून घेतला. शेवटच्या पत्त्याला चारने भाग जाईना. दोन उरत होते.

नवा प्रोसेसर असला पत्ता चालवून घेतो. जुना अडून बसतो, चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरूनच आकडा उचलीन म्हणतो. पत्ता पुढच्या चारच्या पटीवर सरकवायचं काम लोडरचं. काकांनी लोडर उघडला. ती ओळच नव्हती. कधीच नव्हती. आजवरच्या मॉड्यूलांच्या भागांची लांबी नशिबाने चारच्या पटीत आली होती. मॅडमचा एक भाग दोन बाइटनी लांब निघाला, एवढाच त्यांचा गुन्हा.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती काढायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. मॅडमच्या मॉड्यूलमध्ये दोन रिकामे बाइट घातले तरी भागलं असतं. कुणाला कळलं नसतं. त्यांनी घालून पाहिले. बोर्ड चालला. पाच मिनिटं ते त्या बोर्डाकडे बघत बसले. मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली. ते बाइट खोडून त्यांनी लोडरमध्ये हवी ती ओळ लिहिली आणि साहेबांची केबिन गाठली.

"चूक माझी आहे. लोडरची."

"मग सोमवारी काय म्हणालात?"

"सोमवारी मी बरळलो."

"बरं. दुरुस्त झालं ना? विषय संपला."

विषय इतक्या सहज संपतो याचाच काकांना राग आला. ते मॅडमच्या टेबलाशी जाऊन साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या कोडात काही नव्हतं. माझाच लोडर चुकला होता."

खोलीतले सगळे हात थांबले.

"तीन दिवस घरी लेकीवर खेकसतेय मी, काका," मॅडम हळूच म्हणाल्या.

"चुकलं माझं." "दुरुस्ती तपासाल?"

मॅडमनी चमकून वर पाहिलं. दुसऱ्याने तपासल्याशिवाय इथे कोणतीच दुरुस्ती आत जात नसे. फक्त लोडरमधली दुरुस्ती "मी बघितलंय" या काकांच्या शब्दावर आत जायची.

मॅडम काकांच्या खुर्चीत बसल्या. एका ओळीला लागावा त्याहून बराच जास्त वेळ त्यांनी लावला.

"भाग ठेवताना पत्ता सरकवलात. पण आधी एकूण जागा मोजता, तिथे नाही सरकवला. जागा कमी पडेल, काका."

काकांनी वाकून बघितलं. पडणार होती.

मॅडमनी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

"नाही, तुम्हीच लिहा," काका म्हणाले.

मॅडमनी ओळ लिहिली आणि लोडर पहिल्यापासून वाचायला घेतला. काका भिंतीकडचं स्टूल ओढून शेजारी बसले आणि दर ओळीला विचारू लागले, "इथे ठीक आहे ना?"