दस्तलेखकाच्या फळ्याची कैफियत

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, मित्रांनो. शाळेतल्या फळ्यावर बेरजा-वजाबाक्या होतात आणि तास संपला की पुसल्या जातात. माझ्यावर कायदा लिहिला जात असे. हे मी थोड्या तोऱ्यातच सांगतो, कारण तोरा मिरवण्यासारखे माझ्याकडे तेवढेच होते.

माझा जन्म पुण्यात भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात झाला. सुताराने मला सागाची चौकट बसवली, काळा रंग दिला आणि रामदासराव मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन गेले. रामदासराव दस्तलेखक होते. जमीन, घर, वाटणी यांचे कागद, म्हणजे दस्त, लिहून द्यायचे हा त्यांचा व्यवसाय. नोंदणी कार्यालयासमोर त्यांची एक छोटी खोली होती. तिच्या दाराशेजारी मी लटकलो.

लोक दिवसभर तेच तेच विचारत, आणि एक गोष्ट दोनदा सांगणे रामदासरावांच्या स्वभावात नव्हते. म्हणून ते रोज सकाळी कायद्यातला एक शब्द माझ्यावर सोप्या मराठीत लिहीत. खाली कायमची सूचना असे : 'फळा वाचावा. तोंडी विचारू नये.'

'समन्स म्हणजे अटक नव्हे, बोलावणे. गेला नाहीत तर निकाल तुमच्याशिवाय लागेल.'

'साठेखत म्हणजे पुढे विकू असा करार. खरेदीखत म्हणजे विक्री. साखरपुडा झाला म्हणजे लग्न झाले नाही.'

'प्रतिज्ञापत्रात खरेच लिहावे. कल्पनाशक्ती असल्यास कादंबरी लिहावी.'

लोक वाचत, हसत आणि शहाणे होऊन जात. एकदा तर एका वकिलाने माझ्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेतला होता. त्या दिवशी मी चौकटीत मावत नव्हतो.

मग १९९७ साल उजाडले. आजूबाजूची गावे शहराच्या हद्दीत आली. कॉम्प्युटरच्या कंपन्या येणार अशी कुणकुण लागली आणि ज्वारीच्या रानाला सोन्याचे मोल आले. आमच्या गल्लीत मोटारी उभ्या राहू लागल्या.

अशाच एका शुक्रवारी वेणूबाई आल्या. नवरा वारल्यापासून त्या मुलीला घेऊन लोणी काळभोरला भाड्याच्या खोलीत राहत होत्या. साक्षरतेच्या वर्गात नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी शब्दाशब्दाखाली बोट ठेवत सगळा मजकूर वाचला. इतक्या मन लावून मला कोणीच वाचले नव्हते. मग त्या दारात गेल्या.

"दादा, वडील गेले. भाऊ म्हणतो, वारसनोंदीला सही लागती. सोमवारी ये म्हणतो हितं. वारसनोंद म्हंजी काय असतंय वो? माझ्या भाग्यश्रीसाठी माहेरच्या रानात दोन खोल्या टाकीन म्हणते. सही केल्यावर माझा हिस्सा ऱ्हाईल ना?"

रामदासरावांनी चष्म्यावरून पाहिले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "सूचना वाचलीत ना? सोमवारी फळ्यावर येईल. वाचा आणि मगच कार्यालयात जा."

ते मनाचे वाईट नव्हते, मित्रांनो. रविवारी त्यांनी मजकूर कागदावर तयारही केला. मी तो ऐकला, कारण ते लिहिताना पुटपुटत : 'वारसनोंद तलाठ्याकडे होते. त्यासाठी तुम्हाला नोंदणी कार्यालयात आणले असेल, तर थांबा. तुमच्यापुढे बहुधा हक्कसोडपत्र आहे. त्यावर सही केली की तुमचा हिस्सा गेला.'

पण सोमवारी सकाळी त्यांची लेक अपेक्षा नवा कॉम्प्युटर घेऊन खोलीत आली. तिने मला स्वच्छ पुसले आणि रंगाने लिहिले : 'कॉम्प्युटर टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन.' "बाबा, आता हे कोण वाचतंय? बिझनेस करायचाय आपल्याला," ती म्हणाली. रामदासराव रुसले. खुर्ची आत ओढून वर्तमानपत्र उघडून बसले.

अकरा वाजता वेणूबाई आल्या. अंगावर नवीकोरी साडी होती. बहीण सही करायला आली की भावाने साडीचोळी करायची, ही आमच्या गल्लीतली जुनी रीत. सोबत भाऊ मच्छिंद्र होता. त्याच्या हातात बिल्डरच्या माणसाने छापून दिलेला चार पानी दस्त होता. वेणूबाईंनी मला एकदा वाचले, पुन्हा वाचले. मग दारातून हाक मारली.

"दादा, आज फळ्यावर ते न्हाई का?"

रामदासरावांचा राग लेकीवर होता. तो निघाला मात्र भलतीकडे. वर्तमानपत्राआडून ते म्हणाले, "जे लिहिलंय ते वाचा."

"आक्का, चल. आपला नंबर लागलाय," मच्छिंद्र म्हणाला. आणि त्या समोर नोंदणी कार्यालयात गेल्या. माझ्यावर लॅमिनेशन होते. मी लाकडाचा आहे, तरी त्या क्षणी मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वेणूबाई त्या दस्ताची झेरॉक्स घेऊन आल्या. "तेवढं वाचून दाखवा," म्हणाल्या. रामदासरावांनी मोठ्याने वाचले : माझा हिस्सा मी राजीखुशीने भावाच्या लाभात कायमचा सोडला आहे. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली खाली गेला.

"यात वारसनोंद कुठं हाय?"

"नाही. हे हक्कसोडपत्र आहे. कार्यालयातल्या साहेबांनी कबूल आहे का म्हणून विचारलं असेल."

"इचारलं. भावानं मान हलवली, म्या हाय म्हणलं. काल तुमी हितंच व्हता की, दादा."

रामदासरावांनी त्यांना खुर्ची दिली. सही फसवून घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो, दस्त रद्द होऊ शकतो, पण फसवणूक सिद्ध करावी लागते आणि वर्षे जातात, हे सगळे त्यांनी सांगितले. अर्ज फुकट लिहून देईन म्हणाले. वेणूबाईंनी नीट ऐकून घेतले.

"सख्ख्या भावावर दावा लावू? मग माझं माहेर कुठलं?" झेरॉक्सची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली आणि नवी साडी सावरत त्या बस स्टॉपकडे निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

रामदासरावांनी रंग खरवडून काढायचा फार प्रयत्न केला. तो निघाला नाही. पुढे मला आतल्या भिंतीशी उलटे टेकवले. आता मी कागदांच्या रिमांखाली आडवा असतो. वाळवीने एक कोपरा धरला आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, मला झाडूनपुसून पुन्हा टांगा, अशी विनवणी मी करणार नाही. तुमच्या आईला, आत्याला, मावशीला कोणी सहीसाठी नेत असेल, तर तो कागद आधी त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. अडलेला शब्द सोडून पुढे जाऊ नका. आणि अर्थ ठाऊक असलेल्या माणसाने तरी, कोणी दारात उभे राहून विचारले, तर रुसवे-फुगवे बाजूला ठेवून सांगावे. मला तोंड नव्हते. रामदासरावांना होते.