नकल्याचा मोर

मित्रांनो, मी एक जुना पँटोग्राफ आहे. नाव घेताना जीभ अडखळली तर लाजू नका. अमरावतीत मला सगळे नकल्याच म्हणत. चार सागवानी पट्ट्या, पितळेच्या खिळ्या आणि पट्टीपट्टीत भोकं, एवढाच माझा संसार. एका टोकाची सुई चित्रावरून फिरवली की दुसऱ्या टोकाची पेन्सिल तेच चित्र काढते. खिळ्यांची भोकं बदलली की ते दुप्पट, निम्मं, चौथाई, म्हणाल तेवढं होतं. बढाई वाटेल, पण माझी रेघ कधी चुकली नाही.

१९५१ साली देवमन सुताराने मला घडवलं, चित्रकलेचे शिक्षक मोरोपंत यांच्यासाठी. मोरोपंत जाळीकामाचे खाके, म्हणजे कापायचे नमुने, कागदावर काढायचे आणि देवमन ते फळीवर डकवून पायाने चालवायच्या करवतीवर कापायचा. कपाटांच्या दारांना वेली, देव्हाऱ्यांना कमळं, आणि एका शाळेच्या रंगमंचासाठी दोन हात उंचीचा मोर. तो मोर बघायला लोक चांदूर रेल्वेहून यायचे. माझंही कौतुक व्हायचं आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पुढे मोरोपंतांचा हात थरथरू लागला. रेघ सरळ येईना. मला कपाटावर टाकलं गेलं आणि दोन वर्षं मी धूळ खाल्ली. तिथून मला खाली काढलं ते त्यांच्या मुलीने, कुंदाने. तिने खिळ्यांना खोबरेल लावलं आणि वडिलांना सांगितलं, “बाबा, आता खाके मी काढीन.”

मोरोपंत हो म्हणाले. देवमन मात्र मान हलवेना.

“मास्तर, चित्र येगळं अन् खाका येगळा,” तो म्हणाला. “लाकूड कापल्यावर काय टिकते, हे पोरीले कसं समजन? त्यापरीस मी मुंबईचे छापील खाके आणतो.”

तेवढ्यात अकोटच्या खुशालरावांचा निरोप आला. महालक्ष्म्यांच्या मखरावर शाळेतला तोच मोर हवा, पण अर्ध्या हाताचा. महालक्ष्म्या बसायला पाच दिवस होते. छापील खाक्यात तो मोर कुठून मिळणार? देवमनाचा नाइलाज झाला.

“एक डाव पायतो,” तो कुंदाला म्हणाला. “हा मोर उभा रायला त तुया खाका. नाई त छापील.”

कुंदाने खिळ्या चौथाईच्या भोकांत घातल्या आणि शाळेच्या मोराच्या जुन्या खाक्यावरून दुपारभर सुई फिरवली. पिसन् पीस हुबेहूब उतरलं. मी मनातल्या मनात मिशीला पीळ भरत होतो. देवमनाने कापायला घेतलं. मानेभोवतीचं लाकूड कापून निघालं, त्याने फळी उचलली आणि मान कट्‌कन तुटून त्याच्या पायाशी पडली.

“हा नकल्याच झिजला,” देवमन म्हणाला. “चुलीत घाला त्याले.”

मित्रांनो, मला घडवणाराच मला चुलीत घालायला निघाला, तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझी रेघ तर बरोबर होती! कुंदाने तुटलेली मान तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. डोळे भरून आले होते, ते तिने पुसले.

“नकल्या झिजला नाही, काका,” ती म्हणाली. “त्याने सगळंच सारखं लहान केलं. पण तुमच्या करवतीचं पातं कुठे लहान झालं?”

आता जाळीकामातली मेख सांगतो. मधलं लाकूड कापून निघून जातं. जे उरतं, त्याने एकमेकांचा हात धरून राहायचं असतं. त्या धरलेल्या हातांना सांधे म्हणतात. मोठ्या मोराच्या मानेचा सांधा पेन्सिलीएवढा जाड होता. माझ्या नकलेत तो काडीपेटीच्या काडीएवढा झाला आणि त्यातलंही थोडं पात्याने खाल्लं. नक्कल करण्यात मी हुशार, पण काय लहान करू नये हे मला कुठे कळत होतं?

कुंदाने मला बाजूला ठेवलं आणि हाताने पेन्सिल धरली. मानेचा सांधा जाड केला. पिसाऱ्यातली एकाआड एक पिसं खोडली. मग ती थांबली. मोराची समोर बघणारी चोच तिने मागे वळवून पाठीला टेकवली, पिसं साफ करताना टेकवतो तशी. आता मानेला दोन ठिकाणी आधार झाला.

“बाबा, तुमचा मोर मोडतेय मी,” ती हळूच म्हणाली.

“मोड,” मोरोपंत म्हणाले. “उभा राहू दे म्हणजे झालं.”

दुसऱ्या दिवशी देवमनाने नवी फळी कापली. शेवटचा तुकडा निघाल्यावर मोर मानेलाच धरून उचलला आणि चांगला हलवून पाहिला. मान जागची हलली नाही.

“पुढचा खाका कवा देतं, ताई?” एवढंच त्याने विचारलं.

मोर बसवलेलं मखर धोतरात गुंडाळून एसटीच्या टपावरून अकोटला गेलं. खुशालरावांच्या पत्नी लीलाबाई मोर पाहून म्हणाल्या म्हणे, “शाळेतला मोर नुसता उभा होता. हा त जित्ता वाटून रायला.” छापील खाके मुंबईलाच राहिले. पुढे कितीतरी वर्षं अमरावतीपासून पातूरपर्यंत घराघरांत कुंदाच्या जाळ्या लागल्या, आणि त्या प्रत्येकीची पहिली रेघ माझी.

आता माझ्या खिळ्या सैल झाल्या आहेत. मित्रांनो, कुणाच्या घरी माझ्यासारखा एखादा नकल्या पडून असेल, तर त्याला थेंबभर तेल द्या, धूळ झटका. पण मला मात्र पॉलिश करायला जाऊ नका. माझ्या एका पट्टीवर कुंदाने, मोर उभा राहिला त्या दिवशी, पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे, ती पुसली जाईल: “सगळं लहान कर, नकल्या. सांधे माझ्यावर सोड.”