धाकट्या मालकांच्या हातचा पट्टा

“कुणी गेलंय का हो इथं?” इस्त्रीवाल्याने हळूच विचारलं. “सगळे एवढे गप्प कशापायी?”

बाकावर शेजारी बसून चामड्याचा पट्टा शिवणारे गृहस्थ हसले. “मी आलो की असं होतं.”

“का? मुकादम आहात?”

“छे. गुरुवारी तेवढा येतो. पट्टे शिवायला.”

“मग बरंय. रोज आला असतात तर बिचारे मुके झाले असते.”

साठी उलटली तरी त्यांना सगळे धाकटे मालक म्हणत. थोरले मालक केव्हाच वारले, पण धाकटेपण काही सुटलं नाही. गिरण्या त्यांच्या, दवाखाना त्यांनी बांधलेला, आणि पाय गमावलेल्यांना फुकट पाय करून देणारं हे वर्कशॉपही त्यांचंच. चामड्याचा एप्रन बांधून बसलेला हा माणूस कोण, ते इस्त्रीवाल्याला ठाऊक नव्हतं. सांगायला वर्कशॉपचा मिस्त्रीही जवळ नव्हता. देवाने एवढी मोकळीक त्यांना फार दिवसांनी दिली होती.

इस्त्रीवाल्याचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. “काका, तुमचापण गेलाय की! आणि बक्कल बघा, गंजून गेलंय. इथं फुकट मिळतात, नवा मागून घ्या. लाजता कशाला?”

“मागेन. तू इकडे सरक, गुडघ्याच्या वरचं माप घेऊ दे. दिवसभर उभा असतोस?”

“तर काय, आडवा पडून इस्त्री करू?”

धाकटे मालक मोठ्याने हसले. पलीकडच्या बाकावरच्या दोघांनी दचकून वर पाहिलं.

लढाईवर ते घरच्यांशी भांडून, साधा शिपाई म्हणून गेले होते. खेचरांच्या खोगिरांचे पट्टे शिवायचं काम मिळालं. त्यांनी शिवलेला पहिला पट्टा हवालदाराने त्यांच्या अंगावर फेकला होता. “याने सामान बांधलं तर खेचर पोचेल आणि सामान इथंच राहील!” ते तीनदा उसवून शिवायला बसले. चौथ्या खेपेला हवालदार काही न बोलता पट्टा घेऊन गेला, आणि त्या रात्री त्यांना आईच्या कुशीत लागावी तशी झोप लागली. पुढे सुरुंगावर पाय पडला. घरी आणलं तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंत माणसं हार घेऊन उभी होती. त्यानंतर त्यांनी केलेलं काहीही कुणी परत फेकलं नाही. सभेत ते चार वाक्यं विसरले तरी टाळ्या पडत. दानधर्म त्यांनी मनापासून केला, पण प्रत्येक इमारतीवर त्यांचं नाव लागलं आणि दर नव्या इमारतीबरोबर त्यांना बसायला एकेक जागा कमी झाली. हा बाक तेवढा त्यांनी मागून घेतला होता.

“गुरुवारी ये,” ते इस्त्रीवाल्याला म्हणाले. “हाच पट्टा तुझ्या पायाला असेल.”

“टिकेल ना पण? नाहीतर गिऱ्हाइकाच्या शर्टावर पडायचो मी, इस्त्रीसकट.”

“नाही टिकला तर माझ्या अंगावर फेक.”

पुढच्या गुरुवारी इस्त्रीवाला भिंतीचा दांडा धरून चालून पाहत होता. पँट गुडघ्याच्या वर गुंडाळलेली. धाकट्या मालकांनी दुरूनच पाहिलं, की पट्टा मशीनवर शिवलेला आहे.

“मिस्त्री, मी केलेला कुठं गेला?”

मिस्त्रीने हात पुसले, मग पुन्हा पुसले. “आहे ना, मालक. सगळे आहेत.”

त्याने भिंतीतलं कपाट उघडलं. धाकट्या मालकांनी दोन वर्षं शिवलेले पट्टे पांढऱ्या कापडात गुंडाळून ओळीने ठेवले होते. बाहेर गेलेला एकही नव्हता.

“शिलाई कच्ची आहे का?”

“काहीतरीच काय, मालक! शिलाई एक नंबर. पण तुमच्या हातची वस्तू... लोकांच्या घामात कशी घालायची? आमचं मन होईना.”

कच्ची असती तर त्यांनी उसवली असती. सगळ्यात वरचा, गेल्या गुरुवारचा पट्टा काढून ते इस्त्रीवाल्याकडे गेले.

“हा तुझा. तो काढ आणि हा बांध.”

पण आठवडाभरात इस्त्रीवाल्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. त्याने पट्टा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. “मालक, त्या दिवशी काय काय बोलून गेलो मी. माफ करा.”

“बरं वाटलं रे मला. बांध तो.”

“बांधतो कसला! घरात फोटोपाशी ठेवतो. पोरांना दाखवीन.”

“अरे, दाखवायला नाही केला मी.”

“काय बोलता, मालक.” तो कौतुकाने हसला, जणू मोठ्या माणसाने नम्रपणाने म्हणायचं तेच ते म्हणाले होते.

त्याच्या पायावरचा पट्टा एका भोकाने सैल होता. तसाच चालला तर संध्याकाळपर्यंत मांडी सोलली जाणार. धाकटे मालक भिंतीला धरून कष्टाने खाली बसले आणि बक्कलाकडे हात नेला.

“अहो, नका! पायाला हात नका लावू!” इस्त्रीवाला झटकन मागे सरला. दांडा सुटला, तोल गेला, पण सावरला.

“सैल आहे रे. एक भोक फक्त.”

“होईल हो, मालक. चालतंय.”

चौघं कामं टाकून धावत आले. कुणी बगलेत हात घातला, कुणी कमरेला धरलं. “हळू, मालक, हळू.” त्यांना वर उचलेपर्यंत इस्त्रीवाला हातातला पट्टा छातीशी धरून दारापर्यंत गेला होता. बोळाच्या वळणापर्यंत त्याचं सैल बक्कल पावलागणिक वाजताना ऐकू येत राहिलं.