कोरी निघालेली फिल्म

मी बिल्ला बोलतोय. प्लॅस्टिकचा, काडेपेटीएवढा, मागे टाचणी असलेला. माझ्या पोटात धातूचे बारके तुकडे आणि काळ्या कागदात गुंडाळलेली एक फिल्म असायची. अणुभट्टीत जे डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही, ते त्या फिल्मला कळतं. जितकं अंगावर येईल तितकी ती काळी पडते. मला एवढंच येतं. अडवणं मला येत नाही.

मी धोंडूचा. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचं गाव. परमुलखातल्या एका भट्टीवर तो मुकादमाच्या हाताखाली साफसफाईला होता. पहिल्या दिवशी साहेबाने मला त्याच्या खिशावर लावलं आणि हिंदीत, घाईघाईने सांगितलं, आत असेपर्यंत हा काढायचा नाही, तुझ्या जिवासाठी आहे. आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. दर महिन्याला माझी फिल्म बदलत. काढलेल्या फिल्मचं काय करतात, ते धोंडूला कुणी सांगितलं नाही.

रशियातल्या भट्टीची बातमी रेडिओवर आली, त्याच्या पुढच्या शिमग्याला धोंडू घरी आला. मला फाटकावरच्या खिळ्याला अडकवून यायचं, ते तो विसरला. खिशाबरोबर मीही आलो. त्याची आई सोनूबाई, तिने हे काय म्हणून विचारलं. धोंडू म्हणाला, साहेबानं दिलंय, जिवाला जपतं.

म्हातारीला आणखी काय हवं? पालखी अंगणात आली तेव्हा तिने मला देवीपुढे ठेवलं आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. लेकरू आगीच्या पोटाशी काम करतंय, त्याची राखण कर. सगळी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणाली. मला कुंकू लागलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. भट्टीवर मला कुणी हात जोडले नव्हते.

परत जाताना धोंडूने धाकट्या केरूला बरोबर नेलं. केरू चौथीतून शाळा सोडलेला, डोक्याने तापट, पण भावाचा शब्द खाली पडू देत नसे. त्याचा बिल्ला अजून आला नव्हता. मुकादम म्हणाला, येईल.

तो यायच्या आधीच आत भट्टीच्या पाण्याचा एक नळ फुटला. भोंगा झाला. सगळे बाहेर पळत होते आणि मुकादम या दोघांना आत ढकलत होता, पाणी टिपायला. जाड भिंतीच्या दाराशी धोंडू थांबला. मला काढून त्याने केरूच्या सदऱ्याला लावलं.

"ह्यो तू लाव. आयनं ह्येला गाऱ्हाणं घातलान."

"आणि तू?"

"मी आलोच. तू दाराच्या आत पाय टाकलास तर तंगडी मोडीन."

केरू बाहेरून गोणपाटं देत राहिला. धोंडू आत वाकून पाणी टिपत राहिला. मी भिंतीच्या अलीकडे, केरूच्या छातीवर होतो. माझ्यापर्यंत फारसं काही आलं नाही. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, मी इथे कशाला, मला तिकडे ने. बिल्ल्याला तोंड नसतं.

बाहेर आल्यावर धोंडू ओकायला लागला. मी त्याचा, म्हणून केरूने मला त्याच्याच खिळ्याला अडकवलं. मुकादमाने ताप आहे म्हणत दोघांना गावच्या गाडीत बसवून दिलं. घरी धोंडूचे केस उशीला चिकटून निघत होते. तोंडात पेज धरवत नव्हती. भाताची पेरणी व्हायच्या आत तो गेला.

मागाहून त्याच्या कपड्यांची गठडी आली. तिच्यात मी होतो, फिल्म काढलेला, रिकामा. केरूने मला पाहिलं आणि चिऱ्याच्या गडग्यावर फेकून मारलं. माझा कोपरा उडाला. मग तो तिथेच बसून रडला, आणि त्या दिवशी मी कुणाच्या अंगावर होतो ते त्याने आईला सांगितलं. दुसऱ्या कुणालाच नाही. तिने मला उचललं, पदराने पुसलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

एक दिवस भट्टीवरचा एक साहेब आला. चांगला माणूस, मराठी बोलणारा. केरू त्याला पडवीत चढू देईना. अंगणातूनच तो सांगत राहिला. चिमणीवरच्या यंत्राचा काटा शेवटच्या रेघेला जाऊन अडकला होता, त्यामुळे किती बाहेर पडलं याचा अंदाज बाकीच्या खुणांवरून काढायचा होता. माती, गवत, दूध आणि आत गेलेल्यांचे बिल्ले. गवत मोठा आकडा सांगत होतं. पण सगळ्यांत जवळ होता धोंडू, आणि त्याची फिल्म जवळजवळ कोरी निघाली होती. म्हणून वरच्यांनी आकडा लहान धरला. धोंडूचा ताप वेगळा असेल, असंही लिहिलं. साहेबाला ते पटत नव्हतं. धोंडू नक्की कुठे उभा होता, एवढंच त्याला विचारायचं होतं.

केरूने तोंड फिरवलं. सोनूबाई मला हातात घेऊन बाहेर आली.

"ताईत चुकला नाय, साहेब. ज्याच्या अंगावर हुता, तो ऱ्हायला."

साहेबाने केरूकडे पाहिलं. मग तो कुणी न सांगता खाली मातीत बसला.

"म्हणजे ती फिल्म तुझी होती," तो म्हणाला.

केरूने मान हलवली. "मग दादाच्या अंगावर किती आलं?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण आम्ही धरलं त्याच्या कितीतरी पट." तो ताडकन उठला. "भट्टीच्या आसपासच्या गावांना आम्ही सांगितलं, दूध खुशाल प्या."

पाणी न पिताच तो एसटीकडे पळत सुटला. पुढे आकडा बदलला की नाही, मला माहीत नाही. इथे कुणी काही कळवलेलं नाही.

मी देव्हाऱ्यात आहे. केरू माझ्याकडे बघत नाही. लोकहो, माझ्यापुढे हात जोडू नका. ज्याचा मी, त्याच्याच छातीवर मला राहू द्या. मी त्याला वाचवणार नाही. पण त्याला काय झालं, ते खोटं ठरू देणार नाही.

सोनूबाई जास्वंदीचं फूल घेऊन येतेय. तिच्या लेखी मी एक लेकरू राखलंय. आणि नाही म्हणायला मला तोंड नाही.