गढूळ बिअर

राग आजून गेलेला न्हाई, आणि जावा असं मला वाटतबी न्हाई.

मी नानासो, जत तालुक्यातला. शिरवळच्या बिअर कारखान्यात अकरा वर्सं टाक्या धुतल्या. धुता धुता बिअर कशी मुरती, कवा नासती, ते वासावरनं कळाय लागलं. आमचे केमिस्ट विष्णुपंत वाईचे. स्वतः थेंबाला शिवायचे न्हाईत, पर नाक असलं की टाकीचं झाकण जरा हललं तरी आत काय बिघडलंय ते सांगायचे. माझं नाक त्यांनीच तयार केलं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आमचे मालक धवलशेठ पाच दिवस जर्मनीला जाऊन आले आणि येताना डोक्यात खूळ घिऊन आले. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर आपल्या कारखान्यात काढायची! हॉटेलवाल्यांना ती पसंत पडली तर नानासो ब्रूअर, असं चार माणसांत बोलले. ब्रूअर म्हंजे बिअर करणारा मुख्य माणूस. पगाराचं सोडा. आपल्या हातची वस्तू लोकांनी आपल्या नावानं प्यावी, एवढंच मला पायजे हुतं. लय मोठी हाव झाली का ही?

पंतांनी बंगळूरवरनं यीस्टची नळी आणली. यीस्ट म्हंजे बिअरचं इरजण, ते चांगलं तर सगळं चांगलं. गहू मी निवडला, खपली. वल्ल्या पोत्यात घालून मटकीसारखं मोड काढलं आणि वाळवलं. तीनदा फसलं. तीनदा पंत म्हणाले, "नानासो, पुन्हा." चवथ्या खेपेला लहान टाकीचं झाकण काढलं आणि पिकल्या केळ्याचा अन् लवंगंचा असा वास आला की पंतांनी डोळंच मिटलं. पुस्तकात लिवलेला वास तोच हुता.

आणि ही बिअर गढूळ असती. गढूळच असाय पायजे. ते इरजण आत तरंगत असतं, त्यातच सगळी चव. पंतांनी शेठना हे दोनदा सांगितलं. दोन्ही येळेला शेठ म्हणाले, "माहीत आहे हो, मी पिऊन आलोय."

मला म्हाईत, पंतांना म्हाईत. अर्जुनाला सांगायचं मात्र माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

अर्जुना माझा मेव्हणा. तीस वर्साचा गडी, दोन पोरांचा बाप. सहा म्हैन्यामागं मीच त्याला जतवरनं आणून कारखान्यात साफसफाईला लावला. चाखायच्या दिवशी सकाळी सहाला त्याला म्हणलं, "ह्या टाकीकडं नीट बघ रं. अकरा वाजता शेठ येणार हायत. माझं सगळं हिच्यावर हाय." आणि मी पंतांना आणाय वाईला गेलो.

अकरा वाजता शेठ आले. संगं सांगलीचे हॉटेलवाले लालासाहेब. मी नळ सोडला. गिलासात बिअर कशी, तर आरपार! पल्याडची खिडकी दिसत हुती. फेस तर नावालाच.

मला वाटलं, टाकी चुकली. नंबर बघितला. टाकी तीच हुती.

शेठनी गिलास उजेडात धरला. "वा! काय रंग आहे!" घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाले, "हुबेहूब! तिकडं प्यायलो, तीच चव." लालासाहेबांनीबी मान डोलावली. जर्मनीला जाऊन आलेल्या माणसापुढं ते काय बोलणार?

पंतांनी गिलास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठिवला. मी घोट घेतला. तोंड आवळून आलं. केळं न्हाई, लवंग न्हाई, नुसता तुरटपणा. मागनं अर्जुना कानाशी आला. आनंदानं फुलला हुता गडी.

"दाजी, केली का न्हाई निवळ? झाकण काढलं तर आत टँकरच्या पाण्यावानी गढूळ! म्हणलं, शेठना हे दिलं तर दाजींचं काय खरं न्हाई. दुकानातनं तुरटी आणली, धुतल्या हातानं फिरवली चांगली पाव घंटा."

आमच्याकडं टँकरचं पाणी आलं की घागरीत तुरटी फिरवायची, ही रोजची रीत. मी स्वतः जलमभर फिरवलेली हाय. पर त्या घटकेला माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

गप बसलो असतो तर ब्रूअर झालो असतो. शेठ तसं म्हणतच हुते, "नानासो, आजपासून तू..."

"शेठ, थांबा," मी वरडलो. "ती बिअर नासलीय. तिच्यात तुरटी हाय!"

अर्जुनाचं तोंड पांढरं पडलं. शेठनी राहिलेली बिअर पिऊन टाकली, मिशी पुसली आणि अर्जुनाला इचारलं, "किती टाकलीस?"

"दोन खडं, शेठ. मुठीएवढं."

"पंत, लिहून घ्या. दर टाकीला दोन खडे."

पंतांनी पेन टेबलावर ठिवलं.

"आवं शेठ, तुमी ती खरी बिअर चाखलीच न्हाई!" मी म्हणलं. "चार म्हैनं राबलो. पुढच्या टाकीला एक घोट, फक्त एक घोट घिऊन बघा."

"गढूळ दिसणारं कोण विकत घेतंय रे? तू ब्रूअर झालास ना? मग झालं तर!" शेठ हसले. लालासाहेबबी हसले.

"असल्या बिअरचा ब्रूअर मी न्हाई," मी म्हणलं. "दुसरा बघा."

शेठना वाटलं मी चेष्टा करतोय. मी टाकी धुवायचा पाइप आणाय गेलो, तवा त्यांचं हसणं थांबलं.

टाकी रिकामी करून मी आत वाकलो. तळाला तुरटीनं बसवलेला पांढुरका गाळ हुता, चार बोटं जाड. माझं सगळं इरजण. अकरा वर्सं टाक्या धुतल्या, पर त्या दिवशी हात चालंना. मग चालला. गाळ गटारीनं गेला.

अर्जुना दारात हुबा हुता, डोळं पुसत. "दाजी, चुकलं माझं. पर शेठनी तर चांगली म्हणली की!"

"त्याचाच तर राग हाय, लेका," मी म्हणलं. "तुझा न्हाई."