लाडावलेला राखणदार

मी एक जिवाणू बोलतोय. दचकू नका, ताप आणणाऱ्यांतला मी नव्हे. माझं बिऱ्हाड झाडाच्या मुळांवर. मूळ मला गोड पाझर खाऊ घालतं आणि त्याच्या दाराशी आलेल्या बुरशीला मी पिटाळून लावतो. 'मी' म्हणालो तरी आमच्यात एकाचे दोन, दोनाचे चार होतच राहतात; त्यात आजोबा कोण आणि नातू कोण, ते आम्हालाही ठाऊक नाही.

माझं माहेर म्हणजे एका रोपवाटिकेतला टोमॅटोचा वाफा. त्या वर्षी मर रोग आला. बुरशीनं रोपं मातीलगत कुजवली आणि अख्खा वाफा आडवा झाला. एकच रोप ताठ उभं होतं, कारण त्याच्या मुळाशी मी होतो. मालकांची थोरली मुलगी तेव्हा कॉलेजात शिकत होती. तिनं ते रोप मुळासकट उपटलं आणि तपासायला घेऊन गेली. तिचे वडील काही बोलले नाहीत. नुसते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

पुढे ती मुलगी प्रयोगशाळेतल्या 'बाई' झाली. काचेच्या बशीत एका बाजूला मला बसवलं, दुसऱ्या बाजूला बुरशीला. बुरशी माझ्यापर्यंत पोचलीच नाही. मधे एक स्वच्छ पट्टा राहिला. त्या पट्ट्याकडे बघणारा बाईंचा चेहरा मी विसरलेलो नाही.

अतिनील दिव्याखाली मी हिरवट चमकतो, म्हणून सुडोमोनास घराण्यातल्या 'फ्लुरोसन्स' मंडळींत माझी भरती झाली. रंगावरून माणूस ओळखावा, त्यातला प्रकार. पुष्कळ वर्षांनी आमची जनुकं वाचली गेली आणि आमच्यातले काही जण वेगळेच निघाले. आमचं चूल-बिऱ्हाड वेगळं करून नाव दिलं 'प्रोटेजेन्स', म्हणजे राखणारा. मला कुणी विचारलं नाही, पण नाव आवडलं.

दुर्दैव असं की तोवर मी राखण करायचंच विसरलो होतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

दोष बाईंच्या मायेचा. त्या मला सारख्या ताज्या, सकस खाद्यावर बसवायच्या. आयतं खाणं आणि शत्रूचा पत्ता नाही. बुरशीला मारायचं विष बनवायला कष्ट पडतात हो, ते कोण करणार? आमच्यातले आळशी भराभर वाढले, जुन्या वळणाचे कोपऱ्यात ढकलले गेले. पोट भरलेलं असे, पण मुळाची ती अंधारी ओल फार आठवे.

बाई निवृत्त व्हायला आल्या. नवे साहेब फ्रीज आवरत होते. त्यांनी बशी लावून पाहिली, तर बुरशी सरळ माझ्या अंगावरून चालत गेली. साहेब वाईट नव्हते. हळूच म्हणाले की काम न करणारं वाण ठेवायला जागा नाही, महिनाअखेरीस ते वाफेच्या भांड्यात टाकावं लागेल. तिथून कुणी परत येत नाही.

बाईंनी बशी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"चूक त्याची नाही," त्या म्हणाल्या. "मीच लाड केले. एकदा माहेरी नेऊन आणते."

रोपवाटिका आता त्यांचा धाकटा भाऊ बघत होता आणि तिथे पुन्हा मर लागली होती. बाईंनी रोगट मातीतल्या दोन ट्रेंपैकी एकात मला पाण्यातून ओतलं, दुसऱ्यात नुसतंच पाणी. भावानं चेष्टा केली की ताई, म्हातारपणी याला लढाईवर कशाला धाडतेस. पहिले काही दिवस आमचे ऐतखाऊ पटापट मेले. जुन्या वळणाचे थोडे होते, त्यांनी मूळ धरलं. मूळ लागलं आणि सगळं आठवलं. दुसरा ट्रे झोपला, माझा बराचसा उभा राहिला.

साहेबांना दाखवायचं तर मुळाचा तुकडा हवा. भावानं एक रोप चिमटीत धरलं.

"उपटू का, ताई?"

"नको," बाई म्हणाल्या. "मागे एक उपटलं होतं. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. पण मला ते अजून दिसतात."

त्यांनी बोटानं माती उकरली, केसाएवढं मूळ कापून घेतलं आणि माती पुन्हा हलकेच दाबली.

त्या मुळावरून मला परत बशीत बसवलं आणि तो पट्टा पुन्हा उमटला. साहेबांनी स्वतः उजेडात धरून पाहिला आणि मला कुपीत भरून फ्रीजच्या फळीवर जागा दिली. कुपीवर बाईंच्या अक्षरात लिहिलंय, 'लाड करू नयेत.'

आता मी कडाक्याच्या थंडीत पडून आहे. ही कुपी जो उघडेल त्याला सांगतो, घराणं कुठलंही लावा, खायला बेताचं द्या, पण मला मुळाशी नेऊन बसवा.

बाईंचा प्रयोगशाळेतला शेवटचा दिवस आठवतो. सकाळी वाफ्यावर जाऊन आल्या होत्या, नखांत तिथली माती होती. आमच्यातलं कुणी सोबत येऊ नये म्हणून घरी जाताना कोपरापर्यंत साबणानं हात धुवायची त्यांची जन्माची सवय. त्यांनी नळ सोडला, हातांकडे पाहिलं आणि नळ बंद केला. त्या तशाच घरी गेल्या.